वात थांबली तो स्पीकर

एकदा एका गावात दस्तगीरचाचा नावाचे तंबोरे बनवणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. त्यांचा दिगंबर नावाचा एक शिष्य होता, आणि शिष्याची बायको होती शालन. चाचांनी आयुष्यभर भोपळे कोरले, तारा चढवल्या, आणि कुठल्या लाकडातून कसा नाद निघेल हे बोटाच्या एका टिचकीवर ओळखलं. दिगंबर त्यांच्याकडे तारा लावायला शिकला, आणि त्यांच्याच ओट्यावर बसून पेटी वाजवायलाही शिकला. शालन मात्र कुणाकडे शिकायला गेली नव्हती. आईनं जात्यावर जे गाइलं, तेच तिच्या गळ्यात उतरलं होतं.

ही दोघं बारशाला पाळणे म्हणायला जात. दिगंबर पेटी धरी, शालन गाई. गावात पाळणे म्हणणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण शालनची एक रीत इतरांहून वेगळी होती. ती रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं उमजेल.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ताट हलवलं की तांदळातलं नाव मोडायचं, पण बाईला चिकटलेलं ते नवं नाव जन्मभर राहायचं. आणि आईबापांनी ठेवलेलं नाव? ते आईबाप होते तोवर टिकायचं, मग भाऊ होते तोवर. भाऊही गेले की त्या नावानं हाक मारणारं या पृथ्वीतलावर कोणी उरत नसे.

बारशाच्या दोन दिवस आधी शालन त्या घरी जाई. बाळाला बघायला सगळेच जातात. ही घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या शेजारी जाऊन बसे आणि हळूच विचारी, "आजी, माहेरी तुम्हांला काय म्हणायचे हो?" कुणी लाजे. कुणी म्हणे, "जाऊ दे गं, आता त्याचं काय!" आणि शालन उंबरठ्याबाहेर पडली की काठी टेकत मागून येऊन कानात नाव सांगून जाई. मग बारशाच्या दिवशी पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात बाळाच्या नव्या नावाबरोबर ते जुनं नाव यायचं. एक नाव जन्माला येतंय आणि एक परत येतंय, असा तो क्षण असे. त्या कडव्यासाठीच लोक शालनला बोलावत.

पुढे दिवस बदलले. बारशी घरातून उठून हॉलमध्ये गेली. माणसं शंभर-सव्वाशे, वर पंखे, खाली लहान मुलांचा कालवा, पलीकडे वाढप्यांच्या पातेल्यांचा आवाज. नुसत्या गळ्याचं काम राहिलं नाही. तेव्हा दिगंबर मांडववाल्याकडून स्पीकरचा एक भला थोरला डबा भाड्यानं आणू लागला. कपाटाएवढा. त्यात 'इको' नावाची एक कळ होती. ती फिरवली की एक शब्द चार वेळा घुमे, जणू शालन विहिरीत उतरून गाते आहे. दिगंबरला तो घुमारा फार आवडे. तो डबा आपल्या पाठीशी ठेवी, डोळे मिटून पेटी वाजवी, आणि त्याला वाटे, आता कुठे आपलं गाणं मोठं झालं.

एका बारशाला काय झालं, त्या घरच्या पणजी काशीबाई, वय नव्वदीपार, अगदी मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. माहेरचं नाव त्यांचं ठकू. शालननं ते कडवं मन लावून म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर ती नमस्काराला वाकली, तर काशीबाईंनी तिचा हात धरून ठेवला.

"माझं नाव घेणार होतीस ना गं? वाट बघत होते."

 नाव घेतलं होतं, असं म्हणावं, तर म्हातारीला आपल्याच कानांची लाज वाटेल. शालन एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला घेते, आजी."

"घे. मी असेन तोवर घे."

रस्त्यात दिगंबर म्हणाला, "अगं, घेतलं होतंस की नाव! मी स्वतः ऐकलं."

"तुम्ही पेटीवर होता. त्या भिंतीशी होत्या," शालन म्हणाली. 

हळूहळू बोलावणी कमी झाली. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. लोक म्हणत, गातात छान, पण कळत काही नाही. आणि कळायचं नसेल, तर मोबाइलवरचं गाणं लावलं तरी पाळणा हलतोच. दिगंबरचा एक मावसभाऊ दूरच्या गावी यंत्रमागावर होता. त्यानं निरोप धाडला, "ये इकडे, काम लावून देतो." दिगंबरनं एक पत्र्याची पेटी आणून तीत दोन शर्ट, एक चादर घालून ठेवली. तो जाणार, शालन मागे राहणार, आणि वाजवायची पेटी फडताळावर धूळ खात पडणार, हे जवळजवळ ठरलंच होतं.

तेवढ्यात काशीबाईंच्या घरून निरोप आला. त्यांच्या धाकट्या नातवाला मुलगी झाली होती. घरच्यांचं मत होतं, यंदा कुणाला बोलवायला नको. पण म्हातारी हट्टाला पेटली, "तीच येऊ दे. तिनं मला शब्द दिलाय."

शालन म्हणाली, "या वेळी तो डबा नको. आपला स्वतःचा लहानसा स्पीकर घेऊ. घ्यायचा तर एकच, चुकला तर दुसरा घ्यायची आपली ऐपत नाही. चाचांना सोबत घ्या."

"चाचांना? त्यांना तंबोऱ्यातलं कळतं गं. या विजेच्या वस्तूंतलं काय कळणार?"

"न्या तर खरं."

तिघं मिळून रंगनाथशेठच्या दुकानात गेली. पुढच्या बाजूला स्पीकर रचलेले, मागे एक पडदा, आणि पडद्याआड शेठच्या आई, इंदिराबाई, दिवसभर कापूस घेऊन देवाच्या वाती वळत बसायच्या. दुकानातल्या रोजच्या धडधडाटाची त्यांना सवय झाली होती. चाचा आले तेच म्हणाले, "शेठ, आधी घोटभर पाणी मिळेल का?" आणि पाणी प्यायला म्हणून पडद्याआड गेले. बराच वेळ आले नाहीत. आतून म्हातारीचं हसणं ऐकू आलं.

दिगंबर कुजबुजला, "बघितलंस? आपण कशाला आलो, आणि हे गप्पा मारत बसले."

चाचा बाहेर आले. शालनच्या कानात काहीतरी सांगितलं. मग पडद्याजवळ स्टूल ओढून घेतलं, पडदा वीतभर सरकवला, आणि स्पीकरांकडे पाठ करून, तोंड त्या म्हातारीकडे करून बसले.

"चाचा, स्पीकर इकडे आहेत!" दिगंबर म्हणाला.

"ठाऊक आहे मला. तुम्ही सुरू करा. शेठ, तुमची ती ढोलाची गाणी नकोत. शालन गाईल. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर ठेवा. आणि तिच्या मागे नाही, पुढे. आवाज सगळ्या स्पीकरांचा सारखाच ठेवा, कुणाला लाडानं वाढवू नका."

रंगनाथशेठ अनुभवी माणूस. त्यानं आधी मोठा काढला. काळा, रुबाबदार, समोर निळा दिवा. "दिगंबरराव, हा घ्या. लग्नाच्या वरातीला उभा केला तरी मागे हटणार नाही." कळ फिरली, आणि शालननं पाळण्याचं एक कडवं म्हटलं. दुकानाच्या काचा थरथरल्या. दिगंबरच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"वा! याला म्हणतात आवाज."

पडद्याआडून इंदिराबाईंनी विचारलं, "काय रे रंगा, आज मिरवणूक आहे का?" आणि वात वळणं चालूच.

चाचा म्हणाले, "इकोची कळ बंद करून परत म्हण, पोरी." तिनं म्हटलं. आवाज तरीही पिंपात बोलल्यासारखा घुमतच राहिला. म्हातारीची बोटं एका लयीत फिरत होती.

"दुसरा लावा."

दुसरा बारीक होता, उंच, देखणा. तो फार तल्लख निघाला. प्रत्येक 'स' तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा चरचरे. शालन किंचित पुढे सरकली, तर त्यानं कर्कश शिट्टी मारली. इंदिराबाईंनी कानावर पदर ओढला आणि कापसाचा दुसरा पेळू उचलला.

"तिसरा?"

शेठ जरा घुटमळला. "तिसरा आहे, पण तुम्हांला पसंत पडायचा नाही. डबा लहान आहे, दिवेबिवे काही नाहीत. गिऱ्हाइकं बघतात आणि पुढे जातात. खरं सांगू का, छाती दडपेल असा हा वाजत नाही."

"लावा तर."

शालननं तेच कडवं तिसऱ्यांदा म्हटलं. आवाज साधा, समोर बसून कुणी बोलावं तसा.

*पाळण्याच्या दोरीला ओवियले मोती,*
*सासरची इंदिरा माहेरी गोजरा होती.*

दिगंबरनं ओठ मुरडले. "चाचा, यात दम नाही हो."

चाचांनी हात वर करून त्याला गप्प केलं. पडद्याआड इंदिराबाईंच्या बोटांतली वात अर्ध्यावर थांबली होती. कापूस तसाच लोंबत होता. त्या दाराकडे बघत होत्या.

"कोण आलंय?" त्या म्हणाल्या. "माहेरचं कोण आलंय रे रंगा? मला आत्ता हाक मारली कुणी तरी."

 रंगनाथशेठ आईजवळ गेला. साठी जवळ आलेला तो माणूस, आणि त्याला आईचं हे नाव ठाऊक नव्हतं. "आई," तो म्हणाला, "तुझं नाव गोजरा होतं?"

"होतं की. तुझे मामा गेले, मग कोण म्हणणार?" आणि तिनं राहिलेली वात वळून पूर्ण केली. तेवढी एक वात जरा वाकडी झाली.

चाचा स्टुलावरून उठले. तिसऱ्या स्पीकरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हा."

दिगंबर गोंधळला होता. थोडा रागावलाही होता. "चाचा, तुम्ही एकदाही स्पीकरकडे बघितलं नाहीत. सगळा वेळ म्हातारीच्या वातीच बघत होता. अशी कुठे परीक्षा असते?"

तेव्हा चाचा शांतपणे बोलले.

"दिगू, माझ्याकडे गिऱ्हाईक तंबोरा घ्यायला आलं, तर मी तंबोरा कुठे बसून ऐकतो?"

दिगंबर आठवून म्हणाला, "दारात. तंबोरा त्यांच्या हातात देऊन तुम्ही दारात जाऊन बसता."

"का बरं? कारण मांडीवरचा तंबोरा सगळ्यांनाच गोड लागतो. त्याचा भोपळा अंगाला टेकलेला असतो, अंग थरारतं, माणूस भुलतो. तू तेच करतोस. स्पीकरपुढे दोन हातांच्या अंतरावर उभा राहतोस, तो तुझी छाती हलवतो, आणि तुला वाटतं गाणं पोचलं. अरे, तुझं गाणं तुझ्यासाठी नाहीच. शालनचं ते शेवटचं कडवं ज्या बाईसाठी आहे, ती कुठे बसते? पहिल्या रांगेत? ती मागे भिंतीशी बसते. हात कामात असतात, कान थकलेले असतात, आणि ऐकायला मिळेल अशी आशासुद्धा तिनं सोडलेली असते. तिच्या कानी नाव पडलं, तर पोचलं. मला आता नीट ऐकू येत नाही, आणि तुझे कान तुझ्या बाजूचे. मग खरं कोण सांगणार? तिची बोटं. त्यांना खोटं बोलता येत नाही."

 दिगंबर म्हणाला, "आणि पाचशे माणसांच्या पटांगणात बोलावलं तर?"

"तर हा नेऊ नकोस. लोक हसतील तुला. तिथे मांडववाल्याला सांग. वस्तू ज्या कामाची, त्या कामाला नेली की तिला कमीपणा येत नाही. तुझं काम हॉलमधल्या शंभर माणसांचं. शालन, आता तो उचलून दाखव बघू. हॉल वरच्या मजल्यावर असतात, आणि याच्या हातात पेटी असणार."

शालननं एका हातानं उचलला आणि हसली. "पाण्याच्या घागरीहून हलकाय, चाचा."

स्पीकर परत जागेवर ठेवून ती दुसरं कडवं म्हणत असताना चाचांनी हळूच भिंतीतली पिन उपटली. स्पीकर आपल्या बॅटरीवर तसाच गात राहिला.

"हेही बघून ठेवावं लागतं," चाचा म्हणाले. "बारशाच्या घरी पिनेची जागा एकच असते, आणि तीवर कुणी तरी मिक्सर लावलेला असतो."

रंगनाथशेठनं स्वतःच्या हातानं स्पीकर पुसून पिशवीत घातला.

मग बारशाचा दिवस आला. काशीबाई यंदाही मागच्या भिंतीशी. त्यांना पुढे बसवायला घरच्यांनी खुर्ची धरली, तर म्हणाल्या, "नको, पंखा लागतो. इथेच बरी." पलीकडे पुऱ्या तळणं चाललं होतं. दिगंबरनं लहानसा स्पीकर तिवईवर चढवला, शालनच्या पुढे, बायकांच्या बाजूला थोडं तोंड करून. मग शालनला एक ओळ म्हणायला सांगून तो सबंध हॉल ओलांडून मागे गेला आणि काशीबाईंच्या खुर्चीमागे उभा राहून ऐकलं. परत आला आणि कळ केसभर वाढवली. आजवर असं त्यानं कधी केलं नव्हतं.

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी पाळण्याची दोरी धरली. शालन गाऊ लागली. हॉलमधली मंडळी आधी बोलत होती, ती एकेक करून थांबली. दडपून गप्प बसल्यासारखं नव्हे, शब्द कळू लागले म्हणून. आणि शेवटचं कडवं आलं. त्यात आधी बाळाचं नवं नाव झालं, मग या ओळी.

*पाळण्याची दोरी धरी पणजी ही थोर,*
*सासरची काशी, माहेरची ठकू पोर.*

"ओ!"

मागच्या भिंतीकडून आवाज आला, खणखणीत. अंगणात खेळणाऱ्या पोरीला आईनं घरातून हाक मारावी आणि पोरीनं जिथे असेल तिथून ओ द्यावी, तसा. सगळ्यांनी माना वळवल्या. काशीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. आपण ओ दिली हे त्यांना स्वतःला मागाहून कळलं, तशी त्यांनी तोंडावर पदर धरला आणि पदराआड त्या खुदुखुदु हसू लागल्या. त्यांची नातसून हसू लागली. मग सगळा हॉल हसला, आणि पुष्कळजणींनी हसता हसता डोळे पुसले.

दिगंबरची बोटं पेटीवर थांबली होती. शालननं त्याला कोपरानं ढोसलं. "वाजवा की."

जेवणं व्हायच्या आतच तीन घरच्या बायका शालनला गाठून तारखा सांगून गेल्या. त्यांतली एक म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही, पण तू ये आणि विचार. मला त्या सांगायच्या नाहीत." पुढे बारशीच काय, डोहाळजेवणं आली, पंचाहत्तरीचे समारंभ आले. हे जोडपं आधी मागच्या भिंतीशी जाऊन ऐकतं, मग गातं, ही गोष्ट चार गावं पसरली. यंत्रमागावरच्या मावसभावाला दिगंबरनं निरोप धाडला, "येत नाही. इथे काम पुष्कळ आहे." रंगनाथशेठच्या दुकानात तो तिसरा स्पीकर आता पुढच्या फळीवर मांडलेला असतो, आणि गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला पडद्याआड नेऊन बसवतो, आईच्या शेजारी. घरी तो आईला अधूनमधून गोजरा म्हणतो, आणि ती "आगाऊ आहेस" म्हणून त्याला चापट मारते.

आपल्याला जे बोलायचं असतं, ते भिंतीशी बसलेल्या माणसाला ऐकू गेलं का, हे एकदा तिथे जाऊन बघावं.

दिगंबरची ती पत्र्याची पेटी रिकामी झाली. शर्ट खुंटीला लागले, चादर पलंगावर गेली. आता तिच्यात माइक, वायरी आणि तिवईचे पाय असतात, आणि ती पेटी दर चार दिवसांनी घराबाहेर पडते, ती दिगंबर आणि शालन दोघांसह, आणि दोघांसहच दिवेलागणीच्या आत घरी येते.